पितळेच्या माना आणि वीणाचे शनिवार

वीणा उपळेकर साठीला टेकल्यावर पोहायला शिकली आणि ही गोष्ट तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हती. खरं तर लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पहिल्या शनिवारी सांगायचं राहिलं. दुसऱ्या शनिवारी सांगितलं तर ‘मग गेल्या आठवड्यात का नाही बोललीस’ हे ऐकावं लागलं असतं, म्हणून राहिलं. पुढे ते राहूनच गेलं. इंग्लंडात लीड्सजवळच्या ओटली गावातल्या तिच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत ती चालत यायची, तिथे माझी गाडी उभी असायची आणि आम्ही दोघी कौन्सिलच्या स्विमिंग पूलवर जायचो. तिची पोहण्याची पिशवी गराजच्या दाराआड, कुंड्यांच्या मातीच्या पोत्यामागे लटकलेली असायची.

मी मीनाक्षी. लीड्सच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून जन्म काढला, आता रिटायर झालेली, एकटी आणि तोंडाळ. तोंडाळ हा शब्द वीणाच्या नवऱ्याचा. चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

हा नवरा म्हणजे डॉक्टर शशिधर उपळेकर. मिरजेहून चौऱ्याहत्तर साली आले, हाडांचे डॉक्टर. हात चांगला होता, पण कन्सल्टंट ह्या वरच्या हुद्द्यावर कधी पोचले नाहीत. ज्यांना ह्यांनी ऑपरेशन शिकवलं ते गोरे पोरगे पुढे ह्यांचे साहेब होऊन बसले. ते दुःख डॉक्टरांनी बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी ते रायफल क्लबात गेले. तिथे मात्र ते कुणापेक्षा कमी नव्हते. हजार यार्डांवरच्या कागदावर गोळी लागली की लागली, त्यात कुणाचा वशिला नाही आणि कुणाची मेहेरबानी नाही. दर शनिवारी सकाळी क्लबचा कॅप्टन जेफ त्यांना न्यायला यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. मधला सगळा वेळ वीणाचा. लग्नानंतर तिच्या वाट्याला आलेला स्वतःचा म्हणावा असा वेळ तेवढाच, आणि तो तिला नवऱ्याच्या बंदुकीमुळे मिळत होता.

आता पितळेकडे येते. नेमबाज माणसं काडतुसं विकत घेत नाहीत, घरी भरतात. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी उरते, ती पुन्हा वापरायची. पुंगळीचं वरचं निमुळतं टोक म्हणजे तिची मान. ह्या मानेत गोळी बसते. मान जितकी सारखी तितका नेम सरळ, असं हे लोक मानतात आणि त्यापायी स्वतःचं आणि घरच्यांचं आयुष्य घालवतात. वीणाच्या गळ्यात हे काम पडलं ते एका दसऱ्याला. तिने देवाचं ताम्हन, निरांजनं, घंटा असं सगळं चिंच लावून घासायला काढलं होतं. शेजारी डॉक्टरांनी काळ्या पडलेल्या पुंगळ्यांची पिशवी टाकून ठेवली होती. पितळ ते पितळ, म्हणून तिने त्याही घासल्या. नवीन असल्यासारख्या लखलखल्या. डॉक्टर घरी आले, बघत राहिले आणि म्हणाले, “तुझ्या हाताला पितळ कळतं.”

तेवढ्या एका वाक्यावर वीस वर्षं गेली. आधी नुसतं घासणं होतं. मग मानेला ताव द्यायचं काम आलं. गॅसच्या छोट्या ज्योतीत पुंगळी फिरवत धरायची, रंग बदलला की लगेच काढायची, कारण चार वेळा गोळी उडाली की पितळ ताठ होतं आणि मानेला तडा जातो. मग आलं मान तासणं. मानेचा पत्रा एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असतो. हातातल्या छोट्या यंत्रात पुंगळी फिरवून जाड बाजूचा पापुद्रा काढायचा, गोल सगळीकडून एकसारखा होईपर्यंत. मग तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची. हे एका पुंगळीचं. अशा शेकडो. दारू भरणं, ठिणगी पाडणारी टोपी बसवणं, गोळी लावणं हे डॉक्टर स्वतः करत. त्याला परवाना लागतो, नुसत्या पितळेला लागत नाही. वीणाच्या बोटांना घट्टे पडले. मनगट दुखायचं. पाण्यात उतरली की ती आधी दोन्ही मनगटं बुडवून उभी राहायची.

“नाही म्हण ना,” मी म्हणायचे.

“एवढंच तर मागतात,” ती म्हणायची.

मला ह्या उत्तराचा फार राग यायचा. एवढंच मागणारी माणसं मी पाहिली आहेत. ती बाकी काही मागत नाहीत, कारण बाकी सगळं त्यांनी न मागता घेतलेलं असतं.

तयार पुंगळ्या ट्रेमध्ये रांगेने लावायच्या आणि डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हा नेम. डॉक्टर डोळ्याला भिंग लावून एकेक मान बघणार आणि नापास बाजूला काढणार. ‘ही वाकडी.’ ‘हिला तडा येतोय.’ ‘ही तू घाईत केलीस.’ पन्नासांतल्या पाच-सहा तरी बाजूला निघायच्याच. वीणा मुकाट्याने त्या घेऊन पुन्हा बसायची.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही पाण्यात होतो. वीणा कठडा धरून पाय मारत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, “मीनाक्षी, हे आता काहीच बाजूला काढत नाहीत.”

“बरंच आहे की. शेवटी पास झालीस.”

“तसं नाही. मी मुद्दाम एक तडकलेली ठेवली ट्रेमध्ये. भिंग लावून बघितली आणि म्हणाले, परफेक्ट. मागून मी ती काढून घेतली. पुढच्या आठवड्यात परत ठेवली. परत परफेक्ट.”

मग तिने बाकीचं सांगितलं. डॉक्टरांनी गाडी चालवणं सोडलं होतं, गुडघ्याचं कारण सांगून. पेपर वाचणं सोडलं होतं, आजकालच्या बातम्यांत राम नाही म्हणून. घरात सराईतासारखे वावरायचे, चहा स्वतः ओतून घ्यायचे, पण समोरच्याचं तोंड बघताना मान किंचित कलती करायचे, कोंबडीसारखी. मी इतकी वर्षं औषधं दिली आहेत, मला तिथेच कळलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जात होता. कडेचं दिसतं, नेमकं ज्याच्याकडे बघायचं तेच दिसत नाही. डॉक्टरांना स्वतःला हे माझ्याआधी कळलं असणार. पण तपासून घ्यायला ते गेले नव्हते. तपासलं की ते कागदावर येतं.

आणि ह्या सगळ्यात वीणाचं काम वाढलं होतं, हे ऐकून मी पाण्यातल्या पाण्यात तापले. स्कोर पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग नळीला, आणि शेवटी मानांना. ‘तुझ्या मानांत फरक पडतोय.’ नवं यंत्र आणलं. जुन्या सगळ्या पुंगळ्या पुन्हा तासायला लावल्या. ह्यांचे डोळे जात होते आणि ही आपली मनगटं झिजवून पितळ आणखी गोल करत होती.

“सांगून टाक,” मी म्हटलं. “क्लबला सांग. जेफला सांग.”

तिने कठडा धरून पुन्हा चार-सहा वेळा पाय मारले. मग म्हणाली, “सांगितलं तर शनिवार जातील.”

“कुणाचे?”

“माझे,” ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. “बघ कशी आहे मी. आधी तेच मनात आलं.”

मला तिची कीव आली आणि तिचं म्हणणं पटलंही. मी गप्प बसले, जे मी सहसा करत नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी जेफ डॉक्टरांना सोडायला आला. डॉक्टर आत गेले आणि जेफ दारातच घुटमळला. हसत हसत, अगदी सहज सांगितल्यासारखं करत म्हणाला की आज तुमच्या शशीने आम्हाला जरा घाबरवलं. पोरं अजून समोर टार्गेटपाशी कागद बदलत होती, लाल झेंडा वर होता, आणि हा पठ्ठ्या आडवा होऊन गोळी चढवून तयार. मी खांद्यावर हात ठेवला म्हणून बरं. असो, वय होतं माणसाचं. एवढं बोलून तो निघून गेला. यॉर्कशरची माणसं अशीच. घर पेटलं तरी म्हणतील जरा ऊब आली आहे.

वीणाने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. “पोरं समोर होती गं,” एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. पुढे कळलं की डॉक्टरांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि मार्चमध्ये पोलिसांकडून माणूस घरी यायचा होता. तो बघून गेला की आणखी पाच वर्षं. पाच वर्षं तिने माना तासायच्या, शनिवारी पोहायला जायचं आणि पाण्यात असताना आज फोन येईल का ह्याचा विचार करायचा.

“तू त्या दिवशी ये,” ती म्हणाली. “फक्त बस. बोलू नकोस.”

मी गेले. आलेला माणूस मिस्टर हॉलिंगवर्थ, निवृत्त पोलीस, जाड स्वेटर, बूट दाराबाहेर काढून ठेवणारा. स्वतःही नेमबाज. डॉक्टर टाय लावून तयार होते. त्यांनी लोखंडी कपाट उघडून दाखवलं, रायफली काढून दिल्या, नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले. घरातली वस्तू न् वस्तू त्यांच्या हाताखालची, त्यामुळे कुठे अडखळले नाहीत. हॉलिंगवर्थ खूश दिसत होता. मग तो एकटाच स्वयंपाकघरात आला. घरच्या बाईला नवऱ्याच्या आड विचारायची त्यांची रीत असते.

“मिसेस उपळेकर, तुम्हाला काही काळजी? सगळं ठीक ना?”

“येस, येस. नो प्रॉब्लेम,” वीणा म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. आठ दिवस झोपली नव्हती ही बाई. पण परक्या माणसासमोर नवऱ्याची बाजू पडू द्यायची नाही हे आम्हा बायकांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तोंड आपलं आपणच बोलून मोकळं होतं. हॉलिंगवर्थने मान डोलवली आणि तो बाहेर जाऊन बसला. मला बोलायची मनाई होती, म्हणून मी बिस्किटांचा डबा जोरात आपटला. वीणा ओट्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

मग तिने चहाचा ट्रे मला दिला आणि ती गराजमध्ये गेली. परत आली ती तयार पुंगळ्यांचा ट्रे घेऊन. लख्ख पिवळ्या रांगा, एकसारख्या माना. हॉलिंगवर्थ बघून म्हणाला, असं काम मी कुठे बघितलं नाही.

“माझी बायको करते,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा अभिमान होता, तेवढं मी कबूल करते. “पण प्रत्येक मान मी स्वतः तपासतो.”

“ही बघा ना,” वीणा म्हणाली आणि पुढच्या रांगेतली एक पुंगळी उचलून तिने त्यांच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांनी ती दोन बोटांत फिरवली. खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, मान किंचित कलती केली. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो.

“परफेक्ट,” ते म्हणाले आणि पुंगळी हॉलिंगवर्थकडे दिली.

हॉलिंगवर्थने ती खिडकीच्या उजेडात धरली. तोंडापासून खाली गेलेला काळा तडा मला सोफ्यावरून दिसत होता. त्याला दिसला. त्याला दिसल्याचं मला दिसलं. त्याने क्षणभर डॉक्टरांकडे बघितलं, पुंगळी हळूच ट्रेमध्ये परत ठेवली, म्हणाला, “व्हेरी नाइस,” आणि चहाचा घोट घेतला. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात कोण खाली बघायला लावणार. सभ्य होता. त्या सभ्यपणापायी एखाद्याचा जीव गेला असता.

वीणाने एवढी मांडामांड केली होती ती आपल्याला बोलावं लागू नये म्हणून. आता दुसरं कुणी बोलणार नव्हतं. तिने पदराने हात पुसले, हात कोरडे असूनही.

“मिस्टर हॉलिंगवर्थ,” ती इंग्रजीत म्हणाली, “तिला तडा आहे. तुम्हाला दिसला. ह्यांना दिसत नाही. दिवाळीपासून दिसत नाही. ह्यांना झेंडा दिसत नाही आणि समोर माणूस उभा असला तर तोही दिसत नाही. ह्यांना परवाना देऊ नका.”

मग ती डॉक्टरांकडे वळली. “अहो, मला माफ करा.”

डॉक्टर तिच्या दिशेने बघत होते, म्हणजे तिच्या कानाच्या थोडं बाजूला. “चहा गार होतोय त्यांचा,” ते म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. हॉलिंगवर्थने समजावलं की परवाना तुम्हीच आपणहून परत केलात असं होऊ शकतं, म्हणजे नकाराची नोंद नको. डॉक्टरांनी बोट कुठे ठेवून सही करायची ते विचारलं आणि सही केली. रायफली गेल्या, दारू गेली. लोखंडी कपाट उघडं राहिलं. रिकाम्या पुंगळ्यांना परवाना लागत नाही, म्हणून त्या राहिल्या. गराजमधलं टेबल आणि वीणाचं यंत्रही राहिलं.

पहिल्या शनिवारी मी कोपऱ्यावर गाडी लावून थांबले. ती आली नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. फोनवर हळू आवाजात म्हणायची, हे घरी आहेत गं. मधल्या दिवसांत डॉक्टरांचे डोळे हॉस्पिटलात नेऊन तपासले होते. जे सांगितलं ते दोघांना आधीच माहीत होतं. जेफला वाईट वाटलं म्हणून तो आपल्या रिकाम्या पुंगळ्यांची थैली आणून देऊ लागला होता. ‘शशीला विरंगुळा.’ विरंगुळा शशीला, आणि तासायच्या कुणी?

तिसऱ्या शनिवारी मी कोपऱ्यावर थांबले नाही. सरळ दारात गाडी लावली आणि गराजमध्ये शिरले. दोघं टेबलाशी शेजारी बसले होते. वीणा मान तासत होती, तासून झाली की त्यांच्या तळहातावर ठेवत होती. डॉक्टरांचं भिंग कुठे दिसत नव्हतं. ते अंगठ्याचं नख मानेवरून गोल फिरवत होते, एकदा असं, एकदा तसं.

“हिला तडा आहे,” ते म्हणाले आणि एक पुंगळी बाजूला ठेवली.

वीणाने ती उचलून उजेडात धरली. तडा होता. इतका बारीक की तिच्याही नजरेतून सुटला होता.

“नखाला कळतं?” तिने विचारलं.

“पहिल्यापासून कळतं.”

“मग त्या दिवशीची?”

डॉक्टर पुढची पुंगळी चाचपू लागले. “त्या दिवशीचीही कळली होती. त्याआधीच्याही. तुझ्या हातून एवढा मोठा तडा सुटत नाही. म्हणजे ठेवलेली होती.”

“मग परफेक्ट का म्हणालात?”

“मला सांगता येत नव्हतं,” ते म्हणाले. “क्लबला नाही, तुलाही नाही. म्हटलं, हिने ठेवली आहे, तर हीच बोलेल. त्या दिवशी तू उशीर केलास. मला वाटलं, आता बोलत नाहीस.”

मी काय बोलले असते ते छापण्याजोगं नाही. ह्या माणसाने स्वतःची बंदूक खाली ठेवायचं कामसुद्धा बायकोकडून तासून घेतलं होतं, आणि ती इकडे माफी मागत बसली होती. मी वीणाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं, ते मला नीट ओळखता येतं.

तिने पुंगळी ठेवली, यंत्र ठेवलं, उठली. दाराआडच्या पोत्यामागून पिशवी काढली आणि खांद्याला लावली.

“मी जाते आहे,” ती म्हणाली.

“कुठे?”

“पोहायला. दर शनिवारी जात होते. चार वर्षं झाली.”

डॉक्टरांनी मान कलती करून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. मी ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ती दार आपटून निघाली असती आणि आम्ही पूलवर पोचलो असतो.

“तुला पोहता येतं?” ते म्हणाले.

“येतं.”

“अरे वा.” ते खरंच आश्चर्याने म्हणाले. मग त्यांचा हात टेबलावर पुंगळ्या शोधत फिरला, एक-दोन आडव्या पडून घरंगळल्या आणि खाली गेल्या. त्या कुठे गेल्या हे त्यांना कळलं नाही. हात तसाच राहिला. “मग मी काय करू?” त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती त्यात. माहिती विचारतात तसं विचारलं.

वीणा दारात उभी होती. माझ्या हातात गाडीची किल्ली होती. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, तिला अडवणारं कुणी नव्हतं, दार सताड उघडं होतं. मी म्हटलं, “वीणा, चल.”

ती वाकली. टेबलाखालच्या दोन्ही पुंगळ्या शोधून काढल्या, पदराने पुसल्या आणि त्यांच्या हाताशी उभ्या करून ठेवल्या. मग खांद्यावरची पिशवी काढून तिने दाराच्या खिळ्याला अडकवली, पोत्यामागे नाही, समोर. स्टूल ओढून ती बसली.

“तू जा मीनाक्षी,” ती म्हणाली. “शनिवारी पाणी छान गरम असतं.”